माती तेवढी हलवू नका

"तीन बोटं कललंय. जास्तीच असंल, कमी न्हाई."

माझ्या टेबलावर प्लॅस्टिकची कुंडी होती, तिच्यात वीतभर उंचीचं जेडचं झाड, आणि त्या झाडासमोर सत्तरीचे एक गृहस्थ एक डोळा मिटून चक्क ओळंबा धरून उभे होते. भिंत सरळ आली का ते बघायला गवंडी धरतात तो, दोरीला पितळी गोळा बांधलेला. माझ्या नर्सरीत लोक काय काय घेऊन आलेत, पण झाडाला ओळंबा लावणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मला हसू आवरेना.

"भिंत आहे होय ती, ओळंब्यात यायला?" मी म्हटलं.

"हसा तुमी. पन कललंय ते कललंय."

ज्ञानू मिस्त्री त्यांचं नाव. सांगली-मिरज रस्त्याकडेची कितीतरी घरं त्यांच्या हातची. आता थापी-ओळंबा ठेवून थोरल्या मुलाकडे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होते. या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. मी, शालन, तेव्हा पस्तिशीची, वडिलांच्या मागं नर्सरी एकटीनं चालवणारी आणि तोंडानं फटकळ. फटकळ अजून आहे. लोक मला झाडांची डॉक्टरीण म्हणायचे आणि ते मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मी कुंडी हातात घेऊन फिरवून बघितली. जेड म्हणजे जाड, गुळगुळीत पानांचं झाड. कोरफडीसारखंच अंगात पाणी साठवून ठेवणारं. घरात ठेवलं तरी वर्षानुवर्षं जगतं, फक्त त्याच्या फार पाठी लागायचं नाही. याची पानं पिवळट झालेली, शेंडा एका अंगाला झुकलेला.

"कुठं ठेवता?"

"खिडकीत. एकच खिडकी हाय उजेडाची."

"मग ते उजेडाकडं जाणारच. दर रविवारी कुंडी पाव फेरा फिरवायची. म्हणजे चारी बाजूंनी उजेड मिळतो, झाड आपोआप सरळ होतं. पाणी किती घालता?"

"रोज तांब्याभर."

"रोज?" मी कपाळावर हात मारला. "अहो मिस्त्री, मारायला बसलाय का त्याला? वरची दोन बोटं माती कोरडी झाल्याशिवाय थेंब घालायचा नाही. आठ दिवस, दहा दिवस, काही होत नाही."

"तान लागत असंल की वो." ते इतक्या हळू म्हणाले, की मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. मग म्हणाले, "घरातनंचं झाड हाय हे."

त्यांची बायको, अनुसयाबाई, अंगणवाडीत शिकवायच्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा बाकीच्या बायकांनी हे रोप सोनेरी कागदात गुंडाळून दिलं होतं. चैत्रात अनुसयाबाई गेल्या. आता श्रावण चालला होता.

"हे जगलं पायजे," मिस्त्री म्हणाले. "वाढू नगं, फुलू नगं. जगलं पायजे आन उभं राह्यलं पायजे. माजं दुसरं काय मागनं न्हाई."

"जगवते मी. काळजी सोडा."

"शब्द द्या."

"दिला," मी म्हटलं. कुणी शब्द द्या म्हटलं की मला चेव चढायचा तेव्हा.

कुंडीच्या मातीत बोट घातलं तर माती करडी, घट्ट, आणि तिच्यात मधेमधे पांढरे बारके खडे. माझ्या लगेच ध्यानात आलं. म्हटलं, "काय ओ मिस्त्री, जित्याची खोड म्हणायची का ही? चुना कालवलाय मातीत? का सिमेंट उरलं होतं कुठलं?"

मिस्त्री खांद्यावरच्या टॉवेलनं कुंडीचा काठ पुसत राहिले. मला वाटलं, वरमले. चाळीस वर्षं माल कालवणारा माणूस, घट्ट बसावं म्हणून कुंडीतही चुना घालणारच. मी काठी आणायला उठले तसे ते म्हणाले, "काटी लावा, चिंधीनं बांधा, काय करायचं ते करा. पन माती तेवढी हलवू नका."

"ही माती बदलायला लागेल ओ. यात मुळांना श्वास—"

"न्हाई." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "माती हाय तीच ऱ्हाऊ द्या."

मी बांबूची कामटी रोवली, जुन्या साडीच्या मऊ पट्टीनं खोड सैलसर बांधलं आणि पाणी पंधरा दिवस बंद सांगितलं. ते गेल्यावर तारामावशीला म्हटलं, "म्हातारा हट्टी आहे गं." तारामावशी म्हणजे नर्सरीतली आमची जुनी बाई. माती चाळायची, पिशव्या भरायची. माझ्या वडिलांच्या वेळेपासून होती, त्यामुळं मला अगंतुगं करायची.

"हट्टी न्हाई," ती म्हणाली. "एकटा हाय."

त्यानंतर मिस्त्री दर रविवारी यायला लागले. कधी कुंडी घेऊन, कधी नुसतेच. पाव फेरा फिरवला, पाणी घातलं नाही, एवढं सांगायला दीड कोस चालत यायचे. एकदा माझ्यासाठी पोतंभर विटांचा चुरा घेऊन आले. असल्या झाडांच्या मातीत विटांचा चुरा घातला की पाणी साचून राहत नाही, हे मी बोलता बोलता बोलले होते, तेवढं त्यांनी लक्षात ठेवलं. तारामावशीचा चहा घ्यायचे आणि अनुसयाबाईंच्या गोष्टी सांगायचे. नाव मात्र तोंडातून काढायचे नाहीत. घरातनं असं म्हणायची, घरातनं तसं म्हणायची.

"मला काय लिवता वाचता येत न्हवतं. घरातनं म्हनली, अंगणवाडीत येऊन बसा. बसलो की! चार वर्साच्या पोरांत. पोरं हसायची, मी बी हसायचो. ज्ञ काडायला लई तरास झाला, माजंच नाव असून."

"मग आला का?"

"आला. तवा तिनं सगळ्या पोरांना खाऊ वाटला."

हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मोतीबिंदू आहे म्हणून येतं, असं सांगायचे. एकदा नदीला पूर आला होता, लोक बघायला चालले होते. मी म्हटलं, मिस्त्री, जाऊन या की. तर म्हणाले, "घरातनंला नदी आवडायची न्हाई. म्हनायची, सगळ्या गावाची घान तिच्यात. पाय धुवायला बी उतरायची न्हाई."

मी ते ऐकून घेतलं आणि विसरले.

भाद्रपद संपता संपता ते कुंडी घेऊन आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. मुलगा-सून दोघं नोकरीला जाणारी, म्हणून मुलगी वैजयंता त्यांना कोल्हापूरला नेणार होती.

"धा-बारा दिवस लागत्याल. सून म्हनली मी बगते, पन ती पानी घालंल. तुमच्याकडं ठेवतो. आन—"

"माती हलवत नाही," मी म्हटलं. "कितीदा सांगाल?"

ते हसले. कुंडीवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले आणि गेले.

चौथ्या दिवशी सकाळी मी झाडाला हात लावला. खोड मातीलगत मऊ पडलं होतं. बोटानं दाबलं तर आतून ओलं, तपकिरी. मी वर पाणी बंद केलं होतं, पण आधीच्या महिन्यांत जिरलेलं पाणी खाली त्या घट्ट मातीत तसंच साचून होतं, आणि मुळं कुजून ती कूज वर खोडापर्यंत आली होती. अजून दोन दिवस गेले असते तर झाड गेलं होतं.

अशा वेळी एकच उपाय असतो. झाड उपटायचं, कुजकं सगळं स्वच्छ पात्यानं कापून टाकायचं, उरलेली मुळं धुवायची, झाड चार दिवस सावलीत कोरडं ठेवायचं, आणि मग नव्या मातीत, नव्या कुंडीत लावायचं. जुनी माती फेकायची. तिची एक चिमूटसुद्धा त्या मुळांना पुन्हा लावायची नाही, तिच्यात कूज असते. हे मी शंभर लोकांना सांगितलेलं, हजारदा केलेलं.

मी पातं घेतलं तशी तारामावशी म्हणाली, "त्येंनी माती हलवू नका म्हटलंय न्हवं?"

"मग काय झाड मरू देऊ? शब्द दिलाय मी."

"एक दिस थांब. मिस्त्रीस्नी इचारू."

"कोल्हापुरात कुठं विचारणार? डोळ्याला पट्टी बांधून पडलेत ते. आणि त्यांना काय कळतंय गं यातलं? त्यांनीच तर चुना घालून वाट लावलीये."

"चुना न्हाई वाटत मला त्यो," ती म्हणाली.

"मला शिकवू नकोस मावशी," मी म्हटलं.

मी झाड उपटलं. कुजलेलं कापलं, तांबडं पाणी जाईस्तोवर मुळं धुतली. झाड वाचणार होतं, माझ्या हाताला ते कळत होतं, आणि मी खुशीत होते. प्लॅस्टिकची कुंडी उलटी केली, बुडावर दोन थापा मारल्या, सगळी माती मागच्या मोठ्या ढिगावर पडली; एवढ्या ढिगात ओंजळभर मातीनं काय बिघडतंय, असं वाटलं. कुठंतरी लावायच्या दोन हजार करंजाच्या रोपांची ऑर्डर होती, त्यासाठी तो ढीग घातलेला. तारामावशी आणि दोघी बायका फावड्यानं शेणखत कालवत होत्या. संध्याकाळपर्यंत ढीग पिशव्यांत गेला, वाफ्यातली तयार रोपं त्यांत लावली, आणि पुढच्या आठवड्यात दोन टेंपो भरून रोपं रवाना झाली.

चार दिवस सावलीत वाळवून पाचव्या दिवशी मी झाड मातीच्या जड कुंडीत लावलं. मिस्त्रींनी दिलेलाच विटांचा चुरा, वाळू, थोडं पालापाचोळ्याचं खत. जड कुंडी मुद्दाम घेतली, शेंड्याच्या भारानं झाड कलंडू नये म्हणून. काठीही लागली नाही. असं ताठ उभं राहिलं, की मी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत होते.

बाराव्या दिवशी मिस्त्री आले. डोळ्यांवर काळा चष्मा, एका डोळ्यात अजून लाली. बसमधून उतरून घरी न जाता थेट नर्सरीत आले होते, पिशवी हातातच.

"या मिस्त्री, या! बघा तरी!" मी कुंडी त्यांच्यापुढं ठेवली.

त्यांनी वाकून शेंड्यापासून खाली बोटं फिरवली. पानं, फांद्या, खोड. चेहरा नुसता फुलला. "सरळ हाय गं," ते म्हणाले. पहिल्यांदाच मला अगं म्हणाले. "ओळंब्यात हाय. काटी बी न्हाई?"

"काठी कशाला? माझ्या हातचं काम आहे."

बोटं खाली आली, कुंडीच्या काठाला लागली आणि थांबली. त्यांनी काठ चाचपला, मग माती चिमटीत घेतली.

"ही कुंडी येगळी हाय."

"खोड कुजलं होतं मिस्त्री. आणखी दोन दिवसांत गेलंच असतं. सगळं कापलं, धुतलं—"

"माती कुटं हाय?"

"ती खराब झाली होती. कुजकी माती ठेवत नाहीत. आणि तुमचा तो चुना—"

"चुना न्हवता त्यो."

ते खाली बसले. खुर्ची शेजारी होती, पण ते जमिनीवरच बसले. नर्सरीत दोन गिऱ्हाइकं होती, ती आपल्या आपण बाहेर गेली.

"आमी तिला सावडायला गेलो तिसऱ्या दिशी," मिस्त्री जमिनीकडं बघत सांगायला लागले. "भाऊ म्हनलं, रक्षा नदीत सोडायची. पोरगा बी तसंच म्हनला. पन ती मला सांगून गेलती, मला नदीत सोडू नका. घरात असू द्या कुटंतरी, तुमच्या डोळ्याम्होरं. आता रक्षा कुनी घरात आनतं का? सुनंला कळलं असतं तर तिनं घर सोडलं असतं. मग मी एक मूठ टॉवेलाच्या गाठीत बांदली. कुनाला दिसलं न्हाई. घरी येऊन तिच्या झाडात घातली. रोज तांब्याभर पानी घालायचो. तू म्हनलीस नगं, तर ते बी बंद केलं."

ते पांढरे खडे मी बोटानं चाचपले होते. हसले होते त्यावर.

त्यांनी मान वर केली. काळ्या चष्म्याआडून त्यांना मी दिसत होते की नव्हते, कोण जाणे. "माती कुटं टाकली शालन? दाव मला. येचून काडतो मी. खडं हायती त्यात, वळकू येतील."

तेव्हा मी खरं सांगायला हवं होतं. ढीग कालवला, पिशव्या भरल्या, टेंपो गेला, तुमची अनुसया मी दोन हजार पिशव्यांत वाटून टाकली, असं म्हणायला हवं होतं. माझी जीभ उचलली, आणि बाहेर आलं ते भलतंच.

"टाकली नाही मिस्त्री. बाजूला ठेवलीये. आणते."

मागच्या बाजूला तारामावशीची चहाची चूल होती. मी बसून तिच्यातली राख डब्यात भरली. गार होती, आदल्या दिवशीची. शेजारच्या एका कुंडीतली थोडी माती तिच्यात कालवली. मग मला ते पांढरे खडे आठवले. अवजारांच्या खोलीची भिंत जुनी होती, चुन्याची, तिचे पोपडे निघत होते. मी नखांनी एक पोपडा सोलला आणि दगडानं फोडून बारीक केला. मागं चाहूल लागली म्हणून वळले तर तारामावशी उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्या हाताकडं बघत होती फक्त.

डबा मी मिस्त्रींच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी आत हात घातला. चिमूट काढून अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, हळूहळू, एकदा, दोनदा. एक खडा सापडला, तो बोटांत धरून दाबला. तो फुटला आणि त्याचं पीठ झालं. चाळीस वर्षं चुन्यात काढलेली बोटं ती. त्यांना चुना कळला नसेल? मी हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारलाय, की आता त्याला धार राहिलेली नाही. त्या वेळी मात्र मी देवाजवळ मागत होते, की ह्या माणसाला कळू नये.

ते पीठ त्यांनी बोटांवरनं परत डब्यात झाडलं. मग डब्याला झाकण लावलं.

"हीच," ते म्हणाले.

"वरून थर देऊ का कुंडीत? खाली नको, मुळांना त्रास होईल."

"दे. तूच दे."

मी दिला. चुलीची राख आणि भिंतीचा चुना कुंडीत पसरला आणि वरून विटांचा चुरा घातला. मिस्त्रींनी कुंडीला हात लावून तो कपाळाला लावला. रिक्षात बसवून त्यांना पाठवलं. रिक्षा वळल्यावर मी तिथंच पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडले, लहान पोरीसारखी. तारामावशीनं मला उठवलं नाही. पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून म्हणाली, "बोललीस ते बोललीस. आता मरस्तोवर निभाव."

मिस्त्री त्यानंतर तीन वर्षं आले, दर रविवारी. पाव फेरा फिरवला, पाणी दहा दिवसांनी घातलं, नवीन पान आलं. झाड खरंच छान झालं, खोड अंगठ्याएवढं जाड, भोवती फांद्या. कधी मी त्यांना बघून मागच्या बाजूला लपायचे आणि तारामावशीला सांगायचे, नाहीत म्हणून सांग. ती जाऊन त्यांना चहा द्यायची. मग मला राहवायचं नाही, मीच बाहेर यायचे.

एका रविवारी मी धीर केला. नर्सरीत कुणी नव्हतं, मिस्त्री आंब्याच्या कलमाखाली बसले होते.

"मिस्त्री, मला एक सांगायचंय. त्या मातीचं—"

"झाड उभं हाय न्हवं?" त्यांनी मला मधेच तोडलं.

"आहे."

"मग झालं. च्या सांग मावशीला." आणि बशीत चहा ओतून फुंकर मारत बसले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. काढायचं धाडस व्हायला त्यांनी एकदा तरी विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही, आणि मी त्याचा फायदा घेतला.

तिसऱ्या वर्षी माघात ते झोपेतच गेले. मला चार दिवसांनी कळलं, त्यांची मुलगी नर्सरीच्या दारात उभी राहिली तेव्हा. वैजयंताला मी पूर्वी एकदाच बघितलं होतं, पण ओळखलं लगेच. कपाळ तेच, वडिलांचं. तिच्या एका हातात जेडची कुंडी होती आणि दुसऱ्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी.

"ताई, बाबा गेले," ती म्हणाली.

मी तिला बसवलं. पाणी दिलं. तिनं रुमाल टेबलावर ठेवला आणि कुंडी त्याच्या शेजारी.

"दादानं रक्षा नदीत सोडली. मी मूठभर काढून घेतली, त्याला न सांगता. बाबांनी मला दिवाळीत सांगितलं होतं. म्हणाले, वैजू, तुझी आई त्या कुंडीत आहे. मला तिच्याजवळ ठेव. कुणाला कळू देऊ नको, आणि तू हात लावू नको, झाड मरेल. शालनकडं जा, तीच करील." तिनं कुंडी माझ्याकडं सरकवली. "म्हणाले, तिनं तुझ्या आईला जपून ठेवलंय."

"असं म्हणाले?"

"हो ताई. शेवटपर्यंत तेच म्हणायचे."

मी तारामावशीकडं बघितलं. ती दारात चाळणी घेऊन उभी होती. तिनं चाळणी खाली ठेवली आणि मागच्या बाजूला निघून गेली.

अजूनही वेळ होती. रुमाल बांधलेला होता. मी एक वाक्य बोलले असते, तर वैजयंतानं त्यांना दुसरीकडं कुठंतरी ठेवलं असतं, जिथं करंजाची रोपं गेली तिथं शोधत गेली असती, काहीही केलं असतं. निदान खरं काय ते तिच्याजवळ असतं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. चार दिवस न झोपलेलं तोंड. आई-बाप दोन्ही गेलेली पोर, ह्या एका कुंडीच्या आधारानं कोल्हापुरापर्यंत परत जाणार होती.

मी खुरपं घेतलं. वरचा विटांचा चुरा बाजूला केला. खाली ती राख होती, तीन वर्षांत मातीत मुरून गेलेली. मी ती बोटांनी जरा मोकळी केली, रुमाल सोडला आणि मिस्त्रींना तिच्यात घातलं. ज्या बाईजवळ जायचं म्हणून त्यांनी जीव टाकला होता, ती तिथं नव्हती. मी त्यांना चहाच्या चुलीच्या राखेत आणि माझ्या भिंतीच्या पोपड्यात मिसळलं, एकट्यालाच. हळू हातानं केलं, मुळांना धक्का लागू न देता. वरून चुरा पसरला. रुमाल झटकून घडी घातली.

"झालं?" वैजयंतानं विचारलं.

"झालं."

"आता दोघं एका ठिकाणी." ती पहिल्यांदाच जरा हसली. पाणी किती घालू, उन्हात ठेवू का, कुंडी किती दिवसांनी फिरवू, सगळं विचारून घेतलं आणि मी सगळं नीट सांगितलं. पदरानं डोळे पुसून ती उठली आणि एकदम माझ्या पायाशी वाकली.

मी पाय मागं घेतले. "अगं नको, नको असं करू."

"करू द्या ताई," ती म्हणाली. "आमच्यासाठी सख्ख्यांनी केलं नाही ते तुम्ही केलंत."

तिनं पुन्हा हात पुढं केले. मी पाय हलवले नाहीत.